तिशी उलटल्यावर अप्रेंटिस: ठेकेदाराच्या मस्टरवरून कराराच्या कागदावर

लोटे-परशुरामच्या एका केमिकल कारखान्यात मी सात वर्षं हेल्पर होतो, ठेकेदाराच्या मस्टरवर. पंप उघडायला फिटर यायचा आणि मी त्याच्या हातात पाने द्यायचो. सातव्या वर्षापर्यंत नुसत्या आवाजावरून मला कळायला लागलं होतं की बेअरिंग गेलंय की अलाइनमेंट हललीय. कागदावर मात्र मी 'अकुशल'च. तेहतिसाव्या वर्षी शिकाऊ उमेदवार झालो. शेजारच्या बाकावरची पोरं एकोणीस-वीसची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'काका' करून टाकलं.

आता खेड-चिपळूणकडून अधूनमधून फोन येतात. मुंबईची नोकरी सुटून गावी आलेला कोणी, ठेकेदाराकडे दहा वर्षं घासलेला कोणी, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कंटाळून आता किनाऱ्यावरच काही बघू म्हणणारा कोणी. प्रश्न सगळ्यांचा एकच: "दादा, आमच्या वयाला अप्रेंटिस करतात काय?"

करतात. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ सालचा आहे. त्यात किमान वय १४ वर्षं दिलंय, धोकादायक उद्योगांसाठी १८. कमाल वय कायद्यात नाही. पण जाहिरात काढणारा आपली मर्यादा घालू शकतो. रेल्वेच्या जाहिरातीत बहुधा १५ ते २४ असते, म्हणजे तिथे आपलं दार बंद. म्हणूनच तिशीच्या माणसाने जाहिरातींच्या मागे फार लागू नये. ज्या कारखान्याला आपण ओळखतो आणि जो आपल्याला ओळखतो, त्याच्याच दारातून आत जायचं.

आधी शब्द नीट समजून घ्या

कारखान्याच्या गेटवर 'ट्रेनी' म्हणून उभा असलेला प्रत्येक जण अप्रेंटिस नसतो. कंपनी स्वतःच्या लेटरहेडवर 'ट्रेनी' नेमते, त्याचा या कायद्याशी संबंध असेलच असं नाही. २०२४ साली सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हीसुद्धा वेगळी. ती १८ ते ३५ वयाच्या मुलांना काही महिने कामाचा अनुभव देते, पण तिच्यातून ट्रेडचं, म्हणजे फिटर-वेल्डरसारख्या ठरलेल्या कामाचं, प्रमाणपत्र मिळत नाही. आपल्याला हवाय तो 'ॲक्ट अप्रेंटिस'. त्याचा करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला असतो आणि त्या कराराला नंबर असतो.

हा नंबर जपायचा. नंबर नसेल तर तुम्ही दोन वर्षं कमी पैशांत हेल्परकी करून बाहेर पडाल आणि हातात कंपनीच्या शिक्क्याचा एक कागद येईल, जो पुढच्या गेटवर कोणी वाचत नाही. आमच्या वाडीतल्या एकाचं हेच झालं. दीड वर्ष 'अप्रेंटिस' म्हणून राबला, परीक्षेचा फॉर्म भरायला गेला तेव्हा कळलं की पोर्टलवर त्याचं नावच नाही. बिचाऱ्याने विचारलंच नव्हतं. आपल्याकडे साहेबाला कागद मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं मानतात. ते मानणं गेटच्या बाहेर ठेवा.

मालकाला काय पडलंय?

हे ठाऊक असलं की बोलताना आवाज स्थिर राहतो. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत, तिला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. या मोजणीत ठेकेदाराची माणसंही धरतात. म्हणजे २०० माणसांच्या कारखान्याला किमान ५ आणि जास्तीत जास्त ३० उमेदवार. कमी घेतले तर दंड आहे: कमी पडलेल्या प्रत्येक उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये, पुढे १,०००. रक्कम कंपनीच्या दृष्टीने चिल्लर आहे, पण कागदावर बोट ठेवलेलं कोणालाच आवडत नाही. चार ते एकोणतीस माणसांच्या वर्कशॉपला सक्ती नाही, पण घ्यायचा असेल तर घेता येतो. खेर्डी, मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसीतल्या लहान इंजिनिअरिंग शेडमध्ये विचारताना हे लक्षात ठेवा, कारण तिथल्या मालकालाही बरेचदा हे माहीत नसतं.

वर सरकारचा हातभार आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या बँक खात्यात येतो.

तेव्हा तुम्ही मेहेरबानी मागायला जात नाही आहात. पण कायद्याचं कलम घेऊनही जाऊ नका. एचआरवाल्याला दंडाची भाषा ऐकवली की तो तुम्हाला युनियनचा माणूस समजतो आणि मग पुढच्या गेटपासलाही वेळ लागतो.

कोणाशी बोलायचं आणि कसं

पहिल्यांदा एचआरकडे जाऊ नका. मेंटेनन्सच्या किंवा प्लांटच्या त्या इंजिनिअरकडे जा ज्याने तुमचं काम डोळ्यांनी पाहिलंय. शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तो काळ, संपल्यावर जा, तो चालू असताना नाही. मी आमच्या साहेबांना चहाच्या टपरीवर गाठलं.

"साहेब, मला फिटर ट्रेडला अप्रेंटिस म्हणून घ्याल काय?"

"अरे, तुझं वय काय? आणि पगार किती कमी होईल, ठाऊक आहे ना?"

"हो साहेब, हिशोब करून आलोय."

'हिशोब करून आलोय' ऐकल्यावर ते खुर्ची ओढून बसले. पुढचं काम त्यांनी केलं. एचआरला सांगितलं की माणूस हातचा आहे, शिकवण्यात वेळ जाणार नाही. एचआरला हेच ऐकायचं असतं. नवीन पोरगा चार महिन्यांत पळून गेला तर त्यांची भरती वाया जाते. बायको-मुलं असलेला, गावात घर असलेला माणूस टिकतो. आपलं वय इथे कामाला येतं.

ठेकेदाराला मात्र शेवटी सांगा. तो तुम्हाला सोडायला नाखूश असणार, हे गृहीत धरा.

आपल्या कारखान्यात जागा नसेल तर पोर्टलवर जिल्हा आणि ट्रेड टाकून शोधा. रायगडच्या बाजूला महाड, रोहा-धाटाव, नागोठणे, रसायनी, तळोजा आणि थळचा खत कारखाना, पेणजवळ डोलवीचा पोलाद प्रकल्प. रत्नागिरीत लोटे, गाणे-खडपोली, मिरजोळे. उत्तरेला तारापूर. एसटीचे विभागही मोटार मेकॅनिकसारख्या ट्रेडला उमेदवार घेतात. आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारी मेळावे होतात, बहुधा महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी. जिल्ह्याच्या आयटीआयला जोडलेलं मूलभूत प्रशिक्षण केंद्र असतं, सगळे त्याला 'बीटीआरआय' म्हणतात. तिथल्या सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागारांना कोणत्या कारखान्याकडे किती जागा अडून आहेत ते माहीत असतं. एक फेरी मारा. फोनवर ते कामात असतात, समोर उभं राहिलं की बोलतात.

कोणता ट्रेड?

तुम्ही जे काम आधीच करताय त्याच्या शेजारचा. मेंटेनन्समध्ये हेल्पर असाल तर फिटर, वेल्डर किंवा मेंटेनन्स मेकॅनिक केमिकल प्लांट. प्लांटमध्ये ड्रम भरणारे, रिॲक्टरजवळ उभे राहणारे असाल तर अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, बोलीभाषेत 'एओसीपी'. आपल्या पट्ट्यात या ट्रेडला जितकी मागणी आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला असेल. एओसीपीला दहावीला विज्ञान-गणित लागतं, आणि बीएस्सी केमिस्ट्री झालेल्यांनाही तो ट्रेड घेता येतो. लॅबमध्ये बाटल्या धुणाऱ्याने लॅबोरेटरी असिस्टंट केमिकल प्लांटकडे बघावं. यातले बहुतेक 'नियुक्त ट्रेड' आहेत, म्हणजे अभ्यासक्रम सरकारने ठरवलेला आणि शेवटी अखिल भारतीय परीक्षा.

दुसरा प्रकार 'वैकल्पिक ट्रेड'चा. त्यात अभ्यासक्रम उद्योग ठरवतो, मुदत सहा महिने ते तीन वर्षं, आणि पाचवी पासलाही दार उघडं असतं. मासळी प्रक्रिया, आंबा कॅनिंग, पॅकिंग अशा कामांत हा प्रकार दिसतो. माझं मत विचाराल तर दहावी झालेल्याने नियुक्त ट्रेडच धरावा. वेळ जास्त जातो, पण प्रमाणपत्राला वजन आहे. रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत २० टक्के जागा रेल्वेच्याच आस्थापनांत शिकलेल्या ॲक्ट अप्रेंटिसांसाठी राखीव असतात. तिथे वयाची मर्यादा वेगळी लागते, ती जाहिरातीत बघून घ्यावी.

आयटीआय झालेला असाल तर मूलभूत प्रशिक्षण माफ होतं आणि फिटरसारख्या ट्रेडला बहुधा एकच वर्ष लागतं. माझ्यासारख्या कोऱ्या दहावीवाल्याला आधी आयटीआयच्या आवारात मूलभूत प्रशिक्षण, मग कारखाना, सगळं मिळून दोन वर्षांच्या वर. मला ते महिने फार आवडले. तिसाव्या वर्षानंतर हातात कानस धरून लोखंडाचा चौकोन काटकोनात आणायचा, आणि निदेशकाने तो उजेडासमोर धरून "हा बघा, इथून सूर्य दिसतोय" म्हणायचं. सात वर्षं पंप उघडलेला मी, आणि साधी कानस सरळ चालत नव्हती.

पदवी-पदविकावाल्यांचा रस्ता वेगळा आहे. त्यांची उमेदवारी 'नॅट्स' योजनेतून चालते, पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत आहे. तिथे पास होऊन पाच वर्षांच्या आत असावं लागतं, आणि एक वर्षाहून जास्त नोकरीचा अनुभव असलेल्याला बहुतेक जाहिराती नाकारतात. म्हणजे डिप्लोमा करून आठ वर्षं काम केलेल्या माणसाला त्याचा अनुभवच आडवा येतो. त्याने या रस्त्यावर चपला झिजवू नयेत.

घरचा हिशोब

आता खरं दुखणं. २०१९ च्या नियमांत दरमहा किमान विद्यावेतन असं ठरवलं: पाचवी ते नववी ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी ७,०००, आयटीआय ७,०००, पदविका ८,०००, पदवी ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १५. हे किमान आहे. जास्त द्यायला कंपनी मोकळी असते आणि मोठे कारखाने देतातही. सही करायच्या दिवशी चालू दर पोर्टलवर बघून घ्या.

ठेकेदाराकडे ओव्हरटाइम धरून जे हातात पडतं, त्याच्या जवळपास निम्मं होतं. शिवाय उमेदवार हा कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे पीएफ नाही, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) नाही. सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइमही नाही, म्हणजे कमाईची ती फटही बंद. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मात्र मालकाची आहे, आणि कारखान्यातले सुरक्षा-आरोग्याचे नियम उमेदवारालाही लागू असतात.

म्हणून आधी घरी बसून वहीत लिहा. मी काय केलं ते सांगतो. सहा महिन्यांचा किराणा आणि पोरांची फी एवढी रक्कम वेगळी ठेवून मगच सुरुवात केली. मोटारसायकलचा हप्ता आधी फेडला. बायकोने पापड-कुळीथपिठाचं काम वाढवलं, हे कबूल केलंच पाहिजे. तिच्याशिवाय जमलं नसतं. ईएसआयसी बंद होणार म्हणून रेशनकार्ड नीट करून घेतलं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार घ्यायला ते लागतं. जुना पीएफ काढून मोकळा झालो नाही. मित्रांनी पुष्कळ सांगितलं, पण तो पैसा हातात आला असता तर गणपतीतच संपला असता.

हप्ता चालू आहे, आई-वडील आजारी आहेत, कमावणारे तुम्ही एकटेच आहात, अशा घरात मी उमेदवारीचा आग्रह धरणार नाही. कंपनीच्या कायम मस्टरवर असाल तर राजीनामा देऊन उमेदवार होणं तर शुद्ध वेडेपणा. तुमच्यासाठी दुसरा रस्ता आहे: नोकरी न सोडता पूर्वअनुभवाच्या मान्यतेचं मूल्यांकन, म्हणजे 'आरपीएल', किंवा अनुभवाच्या दाखल्यावर खासगी उमेदवार म्हणून ट्रेडची परीक्षा. दोन्हींची चौकशी आयटीआयमध्ये होते. आणि आयटीआयच्या प्रवेशाला आपल्या राज्यात कमाल वयाची अट नाही, हेही ध्यानात असू द्या.

पोर्टल, आधार आणि नावांचा घोळ

नोंदणी स्वतः मोबाइलवर करा किंवा महा-ई-सेवा केंद्रात. लागतं काय: आधार, शाळा सोडल्याचा दाखला, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, फोटो, बँक खातं, चालू मोबाइल आणि ईमेल. मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा, कारण ओटीपी तिथेच येतो. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर सरकारचा वाटा येऊन पडणार कुठे?

निम्मी माणसं अडकतात ती नावावर. दाखल्यावर 'विसराम', आधारवर 'विश्राम'. कोणाच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी गावाचं नाव. लग्न झालेल्या बायकांचं तर दाखल्यावर माहेरचं आणि आधारवर सासरचं. हे आधी दुरुस्त करा, आठवडे जातात यात. ईमेल केंद्रवाल्याचा देऊ नका. आमच्याकडच्या एकाने दिला होता, पुढे पासवर्ड बदलायला त्या केंद्राच्या दारात बसावं लागलं आणि केंद्रवाला लावणीला गावी गेलेला.

कंपनी निवड करते, मग पोर्टलवर करार तयार होतो आणि तुमच्या लॉगिनला येतो. मंजुरीचं बटण दाबायची घाई करू नका. ट्रेडचं नाव, सुरुवात-शेवटची तारीख, विद्यावेतन आणि प्रशिक्षणाची जागा, या चार ओळी मोठ्याने वाचा. ट्रेड 'फिटर' ठरलेला आणि करारात 'पॅकिंग असिस्टंट' आला तर तिथेच थांबा. मूलभूत प्रशिक्षणाच्या काळात पैसे कधीपासून सुरू, हे तोंडी विचारून घ्या. करार मध्येच मोडला तर मोडणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येऊ शकते. आंब्याचा हंगाम आला म्हणून एप्रिलमध्ये दांडी मारणाऱ्यांनी हे वाचावं. रजा कंपनीच्या नियमांप्रमाणे मिळते. गणपतीची सुट्टी किती, हे रुजू व्हायच्या आधीच विचारा. इथल्या एचआरला त्या प्रश्नाची सवय आहे.

वैद्यकीय तपासणी होते. इलेक्ट्रिशियनला रंग ओळखता आले पाहिजेत. चष्मा असेल तर घालून जा, लपवू नका.

आत गेल्यावर

पहिल्या महिन्यात सगळ्यात मोठा धोका म्हणजे जुनी ओळख. कालपर्यंत तुम्ही हेल्पर होता, आज लाल टोपी घातलीत, पण लोकांच्या तोंडी "अरे, जरा तो ड्रम सरकव" तेच राहतं. मी दोन आठवडे ड्रमच सरकवले. मग वही काढली. ट्रेड उमेदवाराने रोजच्या कामाची नोंद ठेवायची असतेच. मी दर शनिवारी ती सुपरवायझरपुढे ठेवून सही मागायला लागलो. वहीत 'ड्रम सरकवले' लिहून त्याखाली सही करायला त्यांचा हात अडखळला. सोमवारी मला मेकॅनिकल सील बसवायला बोलावलं. भांडण झालं नाही, तक्रारही नाही.

वहीत काय लिहायचं? मशीन कोणतं, बिघाड काय, कोणतं माप घेतलं, काय बदललं. चित्र काढा. व्हर्निअरचं माप दोनदा घेऊन दोन्ही आकडे लिहा. हॉट वर्क परमिट (वेल्डिंग-कटिंगसारख्या ठिणगीच्या कामाची लेखी परवानगी), बंदिस्त टाकीत उतरायचं परमिट, कोणी दिलं, गॅस तपासला का, हेही. लोट्यासारख्या ठिकाणी फिटर चांगला की वाईट, हे पाना फिरवण्यापेक्षा परमिट वाचण्यावर ठरतं.

विद्यावेतन महिना संपल्यावर दहा तारखेच्या आत यायला हवं. दहावीवाल्याचे ६,००० असतील तर ४,५०० कंपनीकडून आणि १,५०० सरकारकडून, असे दोन वेगवेगळ्या दिवशी जमा होतात. सरकारचा वाटा कधीकधी मागे राहतो. कंपनीने पैसे कापले म्हणून एचआरच्या केबिनमध्ये आवाज चढवण्याआधी पासबुक भरून आणा. कंपनीचाच भाग येत नसेल, किंवा शिकवण्याऐवजी नुसतं राबवून घेत असतील, तर करार नंबर आणि वही घेऊन बीटीआरआयच्या सल्लागाराकडे जायचं.

थिअरीला माझ्यासारखे तिशीचे लोक घाबरतात. वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग, दोन्ही सुटलेले असतात. मला अपूर्णांकसुद्धा विसरायला झाले होते. मुलीच्या सहावीच्या पुस्तकातून परत केले, ती रोज रात्री माझा गृहपाठ तपासायची. वर्गातली पोरं गणितात पुढे, मी पंपात पुढे. आमची देवाणघेवाण मस्त चालली.

परीक्षा आणि त्यानंतर

नियुक्त ट्रेडची मुदत संपली की अखिल भारतीय ट्रेड परीक्षा होते, लेखी आणि प्रात्यक्षिक. पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. वैकल्पिक ट्रेडचं मूल्यमापन वेगळ्या यंत्रणेकडून होतं. फॉर्म भरला गेला का, फी कोणी भरायची, हे शेवटचे तीन महिने उरले की विचारत राहा. एचआरमधला माणूस बदलला की नेमकं हेच विसरलं जातं.

नोकरीची हमी नाही. उमेदवाराला कायम करण्याचं बंधन कायदा मालकावर घालत नाही, फक्त प्रशिक्षित उमेदवारांच्या भरतीचं स्वतःचं धोरण कंपनीने ठरवावं असं म्हणतो. ते धोरण काय आहे, हे करारापूर्वीच विचारायचं. मला माझ्या कारखान्याने घेतलं नाही. जागाच नव्हती. दोन महिन्यांनी खाडीपलीकडच्या दुसऱ्याने घेतलं, फिटर म्हणून, त्यांच्या स्वतःच्या मस्टरवर.

शेवटच्या दिवशी गेटपास परत करायच्या आधी तीन गोष्टी हातात घ्या: कोणकोणत्या यंत्रांवर काम केलं ते लिहिलेला अनुभवाचा दाखला, सह्या असलेली वही आणि सुपरवायझरचा फोन नंबर. गेटपास एकदा दिला की आत जाऊन दाखला मागायला पुन्हा वॉचमनला विनवावं लागतं, आणि पावसात त्या केबिनच्या पत्र्याखाली एका माणसापुरतीच जागा असते.